गव्हाच्या तहाचा दगड

शीनकई,
शुक्रवार, १२ जुलै १९२९

लाडक्या जानस,

थोरल्या भावाचा सलाम. अल्लाहच्या मेहेरबानीने आई बरी आहे. डोळ्यांना कमी दिसतं, पण वाळत घातलेल्या जर्दाळूंतला किडका अजून तिलाच आधी सापडतो. दहा दिवसांनी तू रजेवर येणार म्हणून तिने तुझ्या उशीत नवा कापूस भरला आहे.

पत्र ठाण्यातून नाही, शीनकई गावातून आहे, हे वर वाचून तू चमकला असशील. सांगतो.

तुला ताप चढला होता ती सकाळ आठव. पहाटेची नमाज आटोपून मी तुझ्या खाटेपाशी आलो, कपाळाला हात लावला आणि म्हणालो, "पडून राहा. नाल्यावरच्या चौकीत आज मी जातो." गारवा होता म्हणून तुझी तपकिरी चादर पांघरली. तुला एवढंच माहीत आहे.

चौकीखाली पायवाटेवर तहाचा दगड होता. मळणी होईपर्यंत ना शीनकईवाल्यांनी गोळी झाडायची, ना आपल्या पलटणीने, असं ठरवून पंचांनी ठेवलेला. हवालदार पीरगुल त्याला रोज सलाम ठोकायचा. "सुभेदारसाहेब, याला पगार सुरू करा. आपल्यापेक्षा चोख पहारा हाच देतो!" आम्ही हसायचो.

त्या सकाळी पलटणीचा इंग्रज साहेब चौकीवर आला. फरारी शाहसवार गावात लपल्याची बातमी त्याला लागली होती. दगड बाजूला झाला, गोळ्या सुटल्या आणि म्हाताऱ्या अखमीरचा मुलगा खानबाज गव्हात पडला. शाहसवार गावात नव्हताच. आठवड्याभरात तुझी बदली झाली. हवा बदलली की ताप जाईल, असं मी तुला म्हणालो.

दगड बाजूला झाला, असं मी चाळीस दिवस म्हणत आलो. दगड आपण होऊन बाजूला होत नाही, जानस.

साहेबाने विचारलं, "दगड उचलला की तह संपतो, हाच ना तुमचा कायदा?" हा कायदा त्याला मीच, एकदा चहा पिताना, मोठ्या हौसेने समजावला होता. मी म्हणालो, "हो साहेब. पण उचलणाऱ्याने आधी गावाला हाक द्यायची असते."

"हाक दिली तर तो पळेल. उचल."

बावीस वर्षं या पलटणीचं मीठ खाल्लं. आपल्याच डोंगरांवर आपल्याच माणसांवर पहारा दिला, पण दगडाला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी मी वाकलो आणि उचलला. खाली खानबाज विळा घेऊन उभा होता; आदल्या संध्याकाळी तू तापाने कुडकुडत चौकीवरून उतरलास, ते त्याने पाहिलं होतं. त्याने वर पाहिलं, चादर ओळखली आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल अशी हाक मारली, "ए जानस! ताप उतरला का रे?"

दगड हातात धरून मी तसाच उभा. ‘मी जानस नाही, पळ’ एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही. मागून गोळ्या सुटल्या.

गावाने तुझं नाव ऐकलं. खानबाजचं रक्त तुझ्याकडे मागायचं, असं त्यांनी ठरवलं आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. बदली मी त्यासाठी करवली. खरं बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. रोज पाच वेळा सजद्यात गेलो आणि रोज जमिनीला कपाळ टेकताच तो दगड आठवला. आता तुझी रजा मंजूर झाली आहे आणि घरची वाट शीनकईखालूनच जाते.

आज सकाळी बंदूक आणि बिल्ला पीरगुलच्या हाती दिला. तो म्हणाला, "रजा किती दिवसांची लिहू?"

"लिहू नकोस," म्हणालो.

दगड चौकीमागेच पडला होता. तुझ्या चादरीत बांधला, खांद्यावर घेतला, शरण आलेल्या माणसासारखं पागोटं सोडून गळ्यात घातलं आणि अखमीरच्या दारात येऊन उभा राहिलो. मोठ्याने म्हणालो, "चादर जानसची होती. हात माझे होते. जानस खाटेवर होता."

अखमीरने ती चादर पाहिली. मग म्हणाला, "चाळीस दिवस कुठे होतास?"

"ठाण्यात."

"समोरच्याच डोंगरावर," तो म्हणाला. "आमचं रडणं ऐकू येत असेल."

खानबाजच्या आईने चादर सोडली, दगडावरून हात फिरवला. "एवढासाच?" म्हणाली. "मला वाटलं होतं, दोघांना उचलावा लागला असेल."

मग तिनेच मला पाणी दिलं.

संध्याकाळच्या नमाजेनंतर त्यांचे पंच बसतील. पत्र लिहायला कागद अखमीरने दिला आणि ते तुझ्या ठाण्यावर पोचवायचं कबूल केलं आहे. तुझं नाव रक्तातून सोडलं, हे त्याने कुराणावर हात ठेवून सांगितलं. माझ्याबद्दल त्याने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दगड त्यांच्या उंबऱ्यासमोर ठेवला आहे. या वेळी तो तुझ्या आणि त्यांच्या मध्ये आहे. माझं काहीही झालं तरी तू तो उचलू नकोस. आईला नीट समजावून सांग, आणि तिच्यासमोर मला सुभेदार म्हणू नकोस.

तुझं नाव स्वतःच्या अंगावरून उतरवून ठेवलेला,
तुझा भाऊ
मीरकलम