डाव्या आरशातला दिवा

३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नीट पोचले. मोठ्या जनावरांच्या शस्त्रक्रिया शिकायला आलेय खरी, पण पहिल्याच दिवशी एका घोड्याने माझा कोट चावून पाहिला. कोट आवडला नसावा.

माझी नवी गाडी नुसती उभी राहायला नको, आणि तुमची शिकवणीची गाडी गिअरबॉक्सपायी गॅरेजात पडलेली, तेव्हा खुशाल वापरा. जन्मभर लोकांना गाडी शिकवणाऱ्याला मी काय सांगणार, तरी थोडं ऐकून घ्या. ही पुढच्या गाडीपासून आपलं आपण अंतर राखते. रस्त्यावरचा आपला पट्टा सोडून जाऊ लागलात तर स्टिअरिंग हलकेच मागे ओढते. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात कुणी आलं तर त्या बाजूच्या आरशात पिवळा दिवा लागतो. आणि समोर कुणी आलं नि तुमचा पाय पडला नाही, तर ब्रेक ती लावते. गोठ्यांवरच्या फेऱ्या संपवून दमून परतताना मला तिचा फार आधार वाटतो.

फोनवर तुम्ही ‘बरं, ठेव’ याखेरीज काही बोलत नाही, म्हणून पत्र. सविस्तर लिहा.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी गाडी तुझ्या मामीपेक्षा जास्त सूचना देते. दोघी एका वेळी बोलायला लागल्या की मी रेडिओ लावतो.

पण खरं ते सांगतो. महामार्गावर एका ट्रकच्या मागे तिने जे अंतर राखलं, ते पाहून मी मनातल्या मनात पाठ थोपटली. तेवढंच शिकवताना माझा घसा बसतो नि विद्यार्थी मान डोलावून पुन्हा ट्रकला चिकटतात. हिला एकदाही सांगावं लागलं नाही.

एक खोट मात्र आहे. डाव्या आरशातला दिवा उगाच पेटतो. मी पाहतो तर रस्ता मोकळा, आणि दिवा चालूच. परवा बेकरीच्या वळणावर तर कमाल झाली. डावीकडे वळत होतो, तर गाडी आपोआप गचकन थांबली. मग डावीकडून एक सायकलवाला, पावांच्या टोपल्यांसकट, कुठून उगवला कोण जाणे. मला म्हणाला, डोळे घरी ठेवून आलात का. मीही त्याला दोन शब्द सुनावले. मामी तेव्हापासून गप्प आहे, हे बरं लक्षण नाही. तो दिवा दुरुस्त करून घेऊ का, ते कळव.

घोड्यांपासून जप, आणि आमच्यावरचा जीव आहे तेवढा ठेव.
मामा

१४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रागावू नका, तुमच्या पाठीमागे एक काम केलं. तुमचं पत्र वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागेना. उजव्या दिव्याबद्दल तुमची चकार शब्दाने तक्रार नाही, सगळी डावीकडचीच. म्हणून तुम्ही गाडी घरी ठेवून बाहेर गेलेले असताना सर्व्हिसवाल्याला घरी पाठवलं. त्याने यंत्र तपासलं, मग मामीला मागे बसवून बाजारातून चक्कर मारली. मामी सांगत होती, दिवा लागला की दरवेळी डावीकडे कुणीतरी होतंच. स्कूटर, टेम्पो, एकदा हातगाडी. उगाच एकदाही लागला नाही.

मामी आणखीही म्हणाली. अलीकडे दारातून जाताना तुमचा डावा खांदा चौकटीला आपटतो, आणि ती डावीकडून पाणी पुढे करते तेव्हा तुम्ही दचकता. तिला वाटलं, वय झालं.

मामा, मी जनावरांची डॉक्टर, माणसांच्या डोळ्यांतलं मला फारसं कळत नाही. पण किल्ली मामीकडे द्या आणि उद्याच डोळे दाखवून या. आधी डॉक्टर, मग काय हवं ते मला बोला.

राग आला तरी पत्र धाडाच.
ठमी

२२ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग आला होता. मामीने किल्ली डब्यात टाकून डबा कपाटात ठेवला, तेव्हा तो आणखी वाढला. तरी गेलो.

काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात बराच पुढे गेलेला. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी राखता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणखी उशीर झाला असता तर राखायलाही फारसं उरलं नसतं. मी विचारलं, मग मला काळं का दिसत नाही? त्यांनी समजावलं की रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून टाकतो, माणसाला पत्ता लागत नाही. म्हणजे ठमे, मला अंधार दिसत नव्हता. मला मोकळा रस्ता दिसत होता. हे ऐकून मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसलो.

नंतर बेकरीत जाऊन त्या सायकलवाल्याची माफी मागितली. त्याला आधी आठवेनाच. मग हसून म्हणाला की गाडी वेळेवर थांबली होती की. ती कुणी थांबवली ते मी त्याला सांगितलं. त्याने ते दोनदा विचारून घेतलं आणि मला पाव खायला घातला.

गाडी चालवणं बंद केलं. रस्त्यावरची शिकवणी माझ्या सहायक बाई घेतील, मी खोलीत बसून नियम शिकवेन. पहिल्याच तासाला प्रत्येकाला डोळे तपासून यायला सांगतो. तुझ्या गाडीवर ज्याने कुणी ते यंत्र बसवलं असेल, त्याने मला कधी पाहिलेलं नाही, तरी माझ्या डाव्या बाजूची काळजी त्याने आधीच करून ठेवली होती. याचं मला राहून राहून नवल वाटतं.

तू आलीस की मला तुझ्याबरोबर गोठ्यांवर ने. मी शेजारी बसेन. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. तुझ्या गाडीत माझ्या पायाखाली काही नसेल. वळण आलं की पाय सवयीने दाबला जाईल, तेव्हा हसू नकोस.

वाट पाहतो.
मामा