साडेचारशे वॅटचे लेबल

प्रिय सिद्धी,

मी, निवृत्ती वासुदेव परब, बी.कॉम., वय वर्षे छपन्न, मूळ गाव कोरगाव (पेडणे), सध्या मुक्काम डिचोली, एका सहकारी पतसंस्थेचा मुख्य लेखापाल आणि तुझा बाप, हे पत्र लिहीत आहे. विषय: २०१५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात आपल्या घरचा संगणक जळाला, त्याची खरी हकीकत. ही सुरुवात वाचून तू हसशील आणि बाबांनी पत्राचासुद्धा अर्ज केला, असे आईला ऐकवशील. मला दुसऱ्या रीतीने लिहिता येत नाही. मायेच्या चार ओळींनी सुरुवात केली असती, तर त्या ओळींच्या आडोशाला मी बसून राहिलो असतो आणि मुद्दा तसाच राहिला असता.

घरी सर्व ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीने पुन्हा धरला आहे, तरी उद्या ती तुझ्याकडे वाळपईला यायचे म्हणते. तुझ्या खोलीतल्या टेबलावर आता तिचे शिवणयंत्र आहे. चवथीला तू कोरगावला आली नाहीस. गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी या वर्षी मी एकट्याने बांधली आणि ती डावीकडे कलली. तुझ्या काकांनी सगळ्यांसमोर विचारले, "भाऊ, यंदा माटोळी तिरपी कशी रे? मोजपट्टी हरवली?" सगळे हसले. मी हसलो नाही. त्या लाकडी चौकटीखाली उभे राहिल्यावर मला दरवर्षी एकच गोष्ट आठवते आणि तीच सांगायला मी आज बसलो आहे.

पणजीच्या त्या स्टुडिओने तुला चाचणी म्हणून दोन मिनिटांचे चलचित्र करायला सांगितले होते आणि तू आपली माटोळी निवडलीस. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगां, आंबाडे, कांगलां, एकेक फळ तू संगणकात घडवलेस. पाहणारा खाली झोपला आहे आणि वर ते हिरवे-पिवळे छत हळूहळू फिरते आहे, अशी तुझी कल्पना. मला ती तेव्हा पोरकट वाटली होती. खोटे कशाला सांगू, फळांवर उजेड पडला तेव्हा मी तुझ्या पाठीमागे उभा होतो आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पण आपला संगणक जुना. एकेका चित्राला सात-सात मिनिटे लागायची आणि तशी तीन हजार चित्रे तुला हवी होती. नवे ग्राफिक्स कार्ड घातल्याखेरीज मुदत गाठता येणार नाही, हे आपल्या दोघांनाही पटले होते.

वाद झाला तो कोणते कार्ड घ्यावे यावर. तू लहान कार्ड मागितलेस, पंचाहत्तर वॅटच्या आतले, बोर्डावरच्या खाचेतूनच वीज घेणारे, वेगळी वायर न लागणारे. ते थोडे मंद आहे पण आपल्या डब्याला झेपेल, असे तू म्हणालीस. मी कॅबिनेट उघडले, पॉवर सप्लायवरचे लेबल चष्मा लावून वाचले आणि कागद घेतला. प्रोसेसर पंचाण्णव, मोठे कार्ड दीडशे, डिस्क, पंखे व इतर चाळीस. एकूण दोनशे पंच्याऐंशी. लेबलावर साडेचारशे. मी कागद तुझ्यापुढे सरकवला आणि यात चूक दाखव म्हणालो. तू कागदाकडे पाहिलेसुद्धा नाहीस. तो सप्लाय हातात तोलून म्हणालीस, "बाबा, लेबल कित्यां वाचतात? हो डबो हातात घेऊन पळयात, पापडासारको हलको आसा! ह्याच्या पोटात कायच नासतलां." मी म्हणालो, वीज किलोवर मिळत नाही. आई हसली, तूही हसलीस, आणि तो विनोद मला फार आवडला. दुसऱ्याच दिवशी मी म्हापशाला जाऊन मोठे कार्ड घेऊन आलो. त्याला लागणारी सहा टोकांची वायर आपल्या सप्लायला नव्हतीच. खोक्यात एक जोडवायर मिळाली, ती डिस्कच्या वायरींना जोडून मी वीज घेतली. ती जोडतानाही तू म्हणालीस, "हें नाका, बाबा." मी ऐकले नाही. बेरीज बरोबर होती.

चार दिवस कार्ड उत्तम चालले. त्या चार दिवसांत मी तुला किती वेळा बघ म्हणालो असेन, ते तूच सांगू शकशील. पाचव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास, खोलीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास घरभर पसरला. सप्लाय गेला, बोर्ड गेला आणि त्याच वायरीवरची डिस्क गेली. माटोळी गेली. शेजारच्या वत्सलाबाई धावत आल्या. त्यांच्यासमोर मी पहिले वाक्य बोललो ते असे, की पोरीने तीस-तीस तास यंत्र चालू ठेवले, दुसरे काय होणार. तू माझ्याकडे पाहिलेस. उलट उत्तर दिले नाहीस. तू उत्तर दिले असतेस तर बरे झाले असते, असे मी चार वर्षे स्वतःला सांगत आलो आहे. म्हणजे यातही दोष तुझ्यावरच ढकलत आलो आहे.

इथपर्यंतचे तुला ठाऊक आहे. इथून पुढचे ठाऊक नाही.

सोमवारी सकाळी मी तो सप्लाय बाजारातल्या दुरुस्तीवाल्या प्रमोदकडे नेला. तो कागलचा, तुला आठवत असेल. त्याने चार स्क्रू काढले, आत डोकावला आणि मोठ्याने हसला. "काका, ह्याच्या पोटात काय न्हाईच की! स्टिकर साडेचारशेचा, माल दोनशेचाबी न्हाई. असल्या डब्यावर एवढं कार्ड कुणी बसवलं? पोरीनं?" मी होय म्हणालो. सिद्धी, हे मी शांतपणे म्हणालो, जीभ अडखळली नाही. तो म्हणाला, "पोरगी शाणी वाटली हुती की." मी सप्लाय पिशवीत घातला आणि घरी आलो.

त्या दिवशी तू आईबरोबर कोरगावला गेली होतीस, माटोळीचे नव्याने फोटो काढायला. माटोळी केव्हाच उतरली होती, तरी चौकट आणि परसातली झाडे तरी मिळतील, पुन्हा करते, म्हणत होतीस. दुपारी घरचा फोन वाजला. अर्जाच्या रकान्यात मी घरचाच क्रमांक घालायला लावला होता, मोबाईलचे क्रमांक बदलतात म्हणून. पलीकडे स्टुडिओच्या अर्चनाबाई होत्या. यंत्र जळल्याचा तुझा ईमेल त्यांना मिळाला होता. यंत्र जळणे कोणाच्याही हातून घडते, त्या म्हणाल्या, तिला पंधरा दिवस अधिक देतो, हवे तर आमच्या इथल्या यंत्रावर बसून करू दे, तिने आधी पाठवलेली आठ चित्रे आम्ही सर्वांनी पाहिली आहेत. मी ऐकून घेतले आणि सांगितले की ती आता करणार नाही, तिला ते जमत नाही, तुम्ही जागा दुसऱ्याला द्यावी. त्यांनी दोनदा विचारले, "खात्री आहे ना तुमची?" मी दोन्ही वेळा होय म्हणालो.

कारण विचारशील. मी ते पुष्कळ तपासले आहे. तू तिथे गेली असतीस तर पहिल्या दिवशीच कोणीतरी विचारले असते, यंत्र कसे जळले, आणि तू खरे सांगितले असतेस. पणजीतली माणसे माझ्या बेरजेवर हसली असती. १९८७ साली गोवा राज्य झाले, त्या वर्षी मी पणजीत एका नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. तोंडी हिशेबात मी एक टक्केवारी चुकलो. टेबलापलीकडचा गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "पेडण्याचो बी.कॉम. मरे तो!" सगळे टेबल हसले. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. ते हसणे पुन्हा ऐकायला लागू नये एवढ्यासाठी मी बावन्नाव्या वर्षी तुझी जागा घालवली. हे कारण आहे, समर्थन नाही, आणि लिहून काढल्यावर ते किती क्षुद्र दिसते ते मला दिसते आहे.

आठ दिवसांनी तू स्टुडिओला फोन केलास. जागा भरली, एवढेच कळले. तू कधी विचारलेही नाहीस की एवढ्यात कशी भरली. आपले काम त्यांना आवडले नसेल, असे तू ठरवून टाकलेस आणि मी ते तुला ठरवू दिले. पुढे वाळपईच्या शाळेत कारकुनाची जागा निघाली तेव्हा तुझा अर्ज मीच सुवाच्य अक्षरात लिहिला. तू एकदा आईला म्हणालीस, "माझ्यात तेवढां नाच गे." मी बाहेर पेपर वाचत होतो. ते मला ऐकू आले. मी पान उलटले.

गेल्या रविवारी आईने सांगितले, की तू चार वर्षांनी त्याच स्टुडिओकडे पुन्हा अर्ज केला आहेस आणि येत्या सोमवारी अर्चनाबाईंसमोर तुझी मुलाखत आहे. मला न सांगण्याचे तू तिच्याकडून वचन घेतले होतेस. तिला ते पाळता आले नाही. त्या बाईंना माझा फोन आठवत असेल. स्वतःच्या मुलीला जमत नाही असे सांगणारा बाप कोणी विसरत नाही. म्हणून तिथे गेल्यावर त्यांनी विचारण्याआधी तूच सांग, की ते उत्तर माझे होते, तुला विचारून दिलेले नव्हते आणि खोटे होते. लागल्यास हे पत्र पुढे कर, त्यासाठीच खाली पूर्ण सही करत आहे. पाकीट उद्या आईबरोबर येईल. आत काय आहे ते तिला माहीत नाही. आणि एक गोष्ट, जी लिहिल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही: मला उपरती झाली म्हणून हे पत्र आलेले नाही. सोमवारी तुला कळणारच होते म्हणून आले आहे. तू तो अर्ज केला नसतास, तर मी हे कधीच लिहिले नसते.

तुझाच,
बाबा

निवृत्ती वासुदेव परब
डिचोली, गोवा
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०१९