बरगडीखालचा हात

प्रिय सोमचाईकाका,

रविवारी तुम्हाला जाऊन शंभर दिवस होतील. तुमच्या थायलंडच्या रीतीप्रमाणे ब्रीडा घरी पुण्यकर्म करणार आहे, डब्लिनहून भन्तेजी येणार आहेत. ती मला म्हणाली, माझ्या नवऱ्याला लेकीसारखी होतीस, तू चार शब्द बोल. म्हणून आधी तुमच्याशी बोलतेय.

आठवतं ना, आयर्लंडात, या ॲथलोन गावात मी नवी होते? तुमच्या रेस्टॉरंटात भिंतीवर तुम्ही काढलेले बुद्ध दिसले आणि नागपूरच्या विहारात शिकलेली वंदना मी पुटपुटले. पुढची ओळ तुम्ही आतून, वेगळ्याच चालीत म्हणालात. परक्या गावात माहेर मिळालं हो मला!

दिवसभर भाज्या परतून तुम्ही घरामागच्या शेडच्या भिंतीवर बुद्धाचे पूर्वजन्म रंगवायचात. तुमच्याकडच्या पद्धतीने, चित्रात कुठे सावली नाही. सोन्याचा वर्ख लावलेले महाल, तेही शॅनन नदीच्या काठावर! खाली बसच्या रांगेतले ॲथलोनचेच लोक, कुणी शिंकतंय, कुणी भांडतंय. सामान्य माणसांनी तोंड वेडंवाकडं केलेलं चालतं, म्हणायचात, पूर्वजन्मी राजपुत्र असलेल्या बुद्धाचा चेहरा मात्र शांतच हवा. मग त्याचं दुःख कळायचं कसं, मी विचारलं.

"हात बघ," तुम्ही म्हणालात. "दुःख हातात असतं."

काका, मी तुमचाही हात बघितला होता. उजव्या हातात ब्रश आणि डावा सारखा बरगडीखाली दाबलेला. पँट सैल झाली होती, पट्ट्याला नवं भोक पाडलं होतंत. रोज वॉर्डात लोकांची पोटं तपासणारी मी! आणि विचारलं काय, तर पोटात कावळे ओरडताहेत का? भूक लागली की आम्ही असं म्हणतो, हेही वर समजावून सांगितलं.

तुम्ही हसलात आणि मजेत आहे हे इथल्या लोकांच्या बोलीत म्हणालात. "आय ॲम ग्रँड, वैशाली."

मी ड्युटीवरून थकून आले होते. ते खरं असावं असं मला वाटत होतं, म्हणून खरं मानलं. चहा प्यायले आणि घरी गेले. तीन महिन्यांनी तुम्ही काविळीने पिवळे पडलात तेव्हा कर्करोगावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तुम्ही तरी का बोलला नाहीत? घरच्यासारखी डॉक्टर समोर बसलेली, तिच्यापाशी कसला संकोच? की मी दमलेली दिसले म्हणून गप्प राहिलात? तसं असेल तर कसं सोसू मी?

ब्रीडा रडते, मी बायको असून मला कसं कळलं नाही, म्हणते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि सांगते, कुणालाच कळलं नसतं. डॉक्टर सांगतेय म्हणून ती विश्वास ठेवते. वर मला जेवायला वाढते.

रविवारी भन्तेजी यायच्या आधी मी तिच्या स्वयंपाकघरात जाईन आणि सांगेन, मला दिसलं होतं. मग तिने बोलायला सांगितलं तर बोलेन, दार दाखवलं तर निघून येईन. पण स्वतःला दोष देत ती एकटी बसणार नाही, काका. एवढं वचन देते.

तुमची,
वैशाली