वाटप तूच कर

९ मार्च २०१६, बुधवार

हारलो. परत! हुकूम माझा, इस्पिकचा एक्का माझ्या हातात, आठ हात करायचे — आन् झाले पाच. जेवढे हात कमी, तेवढी पानं समोरच्यानं पुढच्या डावात आपल्या हातातून ओढायची, हा सात-आठच्या खेळाचा कायदा. विठ्ठलरावांनी ओढली, हात न लावता, डावीकडनं कितवं ते तोंडानंच सांगून. राजा गेला, गुलाम गेला. हसले असते तर बरं वाटलं असतं. नुसतं मिशीवरून बोट फिरवलं.

कारखान्याची चेअरमनकी केलेला माणूस. इथं वृद्धाश्रमातही सगळे साहेब म्हणतात. मी मुद्दाम चेअरमनसाहेब म्हणतो, टोचावं म्हणून. मागच्या एका दुष्काळात ह्यांच्या कारखान्यानं चारा छावणी काढली होती. गायीम्हशींना चारा, मेंढरांना न्हाई! मी मेंढपाळ सोसायटीचा सेक्रेटरी, भांडायला गेलतो. चहा पाजला आन् वाटंला लावलं. म्हणाले, कायदाच तसा हाय. माझी मेंढरं फाटकाबाहेर वरडत उभी. ते आवाज मी विसरलो न्हाई.

पण पत्ते खेळावे तर ह्याच माणसाशी. बाकीचे पान टाकतात आन् डुलक्या घेतात.

११ मार्च

साहेबांचे नखरे लई. पान टाकताना दोघांनीही मोठ्यानं नाव घ्यायचं — सभेत ठराव वाचतात तसं, म्हणे. वाटप दर डावाला मीच करायचं, ह्यांच्या मनगटात कळ येते. का? तर मोठा माणूस!

डोकं मात्र तल्लख. किलवरची राणी गेली का, म्हणून मी मधीच विचारलं. म्हणाले, तिसऱ्या हाताला तूच टाकली की. खरंच टाकली होती! मी आठ वर्षांनी लहान, आन् मला आठवंना.

१४ मार्च

टँकर आला न्हाई. आंघोळ बंद. डाव चालू.

१७ मार्च

धरला चोर! पत्ते पिसताना बोटाला खरखर लागली. कॅट जुना, कडा झिजल्या असतील म्हणलं. उजेडात धरून बघतो तर खाचा! पानापानाला, नखानं पाडलेल्या.

डोकंच फिरलं. जेवणाच्या हॉलात, सगळ्यांपुढं ओरडलो. कारखान्यात चाललं ते इथं चालायचं न्हाई म्हणलं. खुणा करून खेळतो हा माणूस म्हणलं. विठ्ठलरावांनी नुसतं मिशीवरून बोट फिरवलं. मी कॅट उचलला आन् बायनाबाईच्या चुलीत घातला. ती बिचारी भाकरी थापत होती, नुसती बघत राह्यली.

लई बरं वाटलं.

१८ मार्च

परळीहून नवा कॅट मागवला. निरोप धाडला, आता सरळ खेळा म्हणून. आले न्हाईत.

करमत न्हाई.

२० मार्च

टँकर आला. सगळ्यांनी हंडे-घागरी भरून व्हरांड्यात मधोमध ओळीनं मांडल्या. रोज तिथं काही नसतं. विठ्ठलराव नेहमीसारखे ताठ मानेनं खोलीतून निघाले आन् सरळ हंड्यांवर जाऊन धडकले. पाणी सांडलं — असल्या दिवसात पाणी! कुणी काही म्हणायच्या आत साहेबच कडाडले, कुणी ठेवली बे मधी घागर? सगळ्यांनीच उलट माफी मागून हंडे सरकवले.

मी खांबाजवळ होतो. मला त्यांचा हात दिसला. भिंत चाचपत होता.

दिसत न्हाई! ह्या माणसाला दिसतच न्हाई. म्हणून पानाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. म्हणून खाचा — स्वतःच्या हातातली पानं बोटानं वाचायला. आन् चोरी करायची असती तर पत्ते स्वतः वाटले नसते का? वाटताना बोटाला सगळी पानं कळली असती. एकदाही वाटले न्हाईत. मुद्दाम माझ्याकडं दिले. सगळा हिवाळा मला आंधळ्या माणसानं हारवलं, आन् तेही इमानानं.

मी काय गाढव! चेअरमनसाहेब, तुमच्यापुढं टोपी काढली.

सांगत कावून न्हाईत, तेही कळतं. स्वतःचं स्वतःला करता येईल तोवरच इथं ठेवतात. न्हाई तर पुण्याला मुलाकडं. तिथं एकदा राहून आलेत. सगळे कामाला गेल्यावर खोलीत बसवून बाहेरून कडी घालत होते — पडतील म्हणून. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, पत्ते जुळवता जुळवता, पाऊसपाण्याचं बोलावं तसं.

२२ मार्च

दुपारी नवा कॅट आन् नेलकटर घेऊन बसलो. आमच्यात मेंढराच्या कानाला खाच पाडतात. कुणाचं मेंढरू ते काळोखातही कानावरून बोट फिरवलं की कळतं. बापानं शिकवलेलं. वरच्या कडेला रंग, बाजूच्या कडेला पान. साहेबांच्या नखापेक्षा माझं काम साफ!

त्यांच्या खोलीत गेलो, कॅट हातात दिला. बोटं फिरवली. मग म्हणाले, "कावून केलं बे?"

"हारवायचंय तुमाला."

"मग वाटप तूच कर."

हारलो. दोन हातांनी. लई दिवसांनी पोटभर जेवलो.

२४ मार्च

धुळवड. पाणी न्हाई, रंग न्हाई. दिवसभर डाव.

२८ मार्च

आज जिंकलो! त्या भरात छावणीचा विषय काढला. मेंढरांना आत घ्यायला पायजे होतं का न्हाई, एवढंच बोला म्हणलं. म्हणाले, कायदा होता. म्हणलं, चूक होती म्हणा. म्हणाले, चेअरमन चूक म्हणत नसतो, सुग्रीव, पान टाक.

असा हट्टी माणूस! राग येतो आन् कौतुकही वाटतं. डोळे गेले तरी मान वाकली न्हाई.

१ एप्रिल

घात झाला. व्यवस्थापक उत्तरेश्वर सरांना कॅट सापडला. हॉलात सगळ्यांना बसवून एकेक पान चाचपलं. हुशार माणूस. म्हणाले, खाचा फार मोठ्या आहेत, चोरी करणारा अशा करत नाही. मग साहेबांकडं बघत म्हणाले, विठ्ठलराव, तुमचे डोळे एकदा तपासून घेऊ.

उठून उभा राह्यलो. म्हणलं, खाचा मी पाडल्या, हारून हारून कंटाळलो होतो. मेंढरांचे कान कापणारा माणूस मी, मला काय अवघड? खोलीतून नेलकटरही आणून दाखवलं.

सगळ्यांना पटलं. पटणारच! कुणीतरी मागून म्हणलं, स्वतः चोर, आन् आळ घातला देवमाणसावर. सरांनी मला पत्ते खेळायची बंदी केली. डोळ्यांचा विषय राह्यला बाजूला.

साहेब खाली मान घालून बसले होते. गप बसा, मी मनात म्हणत होतो. गप बसा म्हणजे झालं.

२ एप्रिल

बायनाबाईनं ताट लांबूनच पुढं सरकवलं. शेजारचे उठून दुसऱ्या बाकावर गेले. ह्या वयात चोर! बापाचं नाव निघालं, जातीचं निघालं. लागलं जिव्हारी. पण विठ्ठलराव इथंच हायेत. पत्ते नसले तरी व्हरांड्यात त्यांचा आवाज तर ऐकू येतो. चालतंय मला.

४ एप्रिल

सकाळची प्रार्थना झाली आन् विठ्ठलराव उभे राह्यले. भिंतीला धरून, सगळ्यांना दिसेल असे. म्हणाले, "खाचा सुग्रीवनं माझ्यासाठी पाडल्या. मला दिसत न्हाई. त्याला चोर म्हणलेलं मी तीन दिवस ऐकून घेतलं, ती माझी चूक."

सरांनी पुण्याला फोन लावला. उद्या मुलगा न्यायला येतोय.