मोहाखालची ओ

तलावाखालचं घर, ता. लाखांदूर
३ एप्रिल

चि. मंगेशले आजीचे पोटभर आशीर्वाद.

तू तलावाच्या त्या काठावर, मी या पाळीवर, मधात नुसतं पाणी, तरी पत्र धाडावं लागून राहिलं. तुया फोनले तिकडं रेंज नाही. काल सांजच्यानं पाळीवर उभी राहून तुले हाका मारल्या, तर म्हशीनं मान वळवली, नातवानं नाही. तुया जनरेटरपुढं माया गळा कायचा टिकते! म्हणून तुया काकूले, वच्छलाले, लिहाले बसवलं. ती हासून राहिली. विचारते, शिव्या लिहू का गाळू? लिही म्हटलं. चिंधू डोंग्यातून तुले मासे पोचवते, तोच हे पत्र देईल.

तुये नागपूरचे पाहुणे तंबूत कूलर लावून झोपतात आन् निसर्ग पाहाले आलो म्हणतात. पाहोत बापडे. पण मोह झडून राहिला आहे. वच्छला आन् शेजारची सुंदरबाई उजाडायच्या आधी तुया तंबूमागच्या रानात फुलं वेचाले जातात. जिचं झाड तिचं, वाकून वेचताना कोणी कोणाले दिसत नाही. म्हणून एकीनं हाक मारायची, दुसरीनं ओ द्यायची. ओ आली नाही, वांदरं ओरडले, की टोपली टाकून एका जागी जमा व्हायचं. आमची राखण कानानंच होते. सध्या निम्म्या हाका तुया घरघरीत बुडतात. आन् ज्याचं नाव आम्ही मोहाच्या दिवसात घेत नाही, त्याची पावलं चिंधूले नाल्याच्या चिखलात दिसली. मले भेव लागून राहिलं. पहाटेपासून दिवस वर येईपर्यंत तरी ते जनरेटरचं धूड बंद ठेव.

पोटाले खात जा, आन् आम्हाले मनातून उतरवू नको.

तुयी आजी मंगलाबाई
(अंगठ्याले मोहाचा वास येईल, तोच माया समज.)


तंबू, तलावाचा पलीकडचा काठ
४ एप्रिल

ती. आजीच्या पायांवर मंगेशचं डोकं. वच्छलाकाकूला नमस्कार.

तुझं पत्र पाहुण्यांना वाचून दाखवलं. म्हशीवर सगळे पोट धरून हसले, आणि मग मलाच लाज वाटली. गावाला त्रास देऊन धंदा करायचा नाही, हे मी पहिला तंबू ठोकला तेव्हाच ठरवलं होतं. म्हणून आज सगळ्यांनी मिळून जनरेटर ढकलत मागे नेला, वायर वाढवून घेतली. आता तो मोहाच्या झाडांकडे आहे, गावाकडे पाठ करून. तुमच्या अंगणात आवाज येणार नाही. निवांत झोप.

पहाटे बंद ठेवणं मात्र जमत नाही गं. उजेड गेला की पाहुणे घाबरून मलाच उठवतात. शिवाय जनरेटर भाड्याने देणारा म्हणाला, आवाज असला की वाघ जवळ फिरकत नाही. म्हणजे काकूचीही राखण झाली की नाही?

रविवारी जेवायला येतो. रागावली असशील तरी वाढताना हात आखडू नकोस.

तुझा मंगेश


५ एप्रिल, सकाळ

मंगेश,

आशीर्वाद मागाहून. आधी जनरेटर बंद कर, मंग पुढचं वाच.

हे अक्षर तुया काकूचं नाही. शेजारचा ईश्वर लिहून राहिला. वच्छला ओ देत नाही. त्या घरघरीत चिंधूचं तोंडचं बोलणं तुले ऐकू येणार नाही, म्हणून त्याच्या हाती हे कागद देऊन राहिली.

सुंदरबाई धावत आली. म्हणते, मशीन जवळच, मायी हाक मलेच ऐकू येईना. झाडाखाली पाहते तर टोपली उलटी, फुलं सांडलेली, वच्छला नाही. वांदरं ओरडले असतील, पण ऐकलं कोणं? आमच्या कानाजवळून उचललं आन् तिच्या कानाजवळ नेऊन ठेवलं रे तू. रात्री मले खरंच निवांत झोप लागली. तेच आता खाऊन राहिलं.

माणसं काठ्या आन् डबे घेऊन निघाले, वनरक्षकाले निरोप गेला. पण कोणत्या बाजूनं जावं? ती हाक मारत असंल तर ऐकू तर आली पाहिजे.

बंद केला का?

आजी


५ एप्रिल, दुपार

आजी, काकू जिवंत आहे.

तुझी पहिली ओळ वाचूनच धावलो. बंद केल्यावर क्षणभर काहीच ऐकू येईना. मग वांदरं ऐकू आली, एकसारखी ओरडत होती. कधीपासून, कोण जाणे. आणि त्यांच्याखालून काकूचा आवाज, पार बसलेला. ती मोहावर चढून फांदीला मिठी मारून बसली होती. आजी, ती ओ देत होती. कोणी हाक मारलेली नव्हती, तरी ओ देत होती.

वाघ गेला नव्हता. जनरेटरपासून हाकेच्या अंतरावर गवतात बसला होता. आवाजाचं त्याला काहीच नव्हतं. गावातली माणसं आणि वनरक्षक डबे वाजवत आले, तेव्हा तो नाल्यात उतरला. काकूचा घोटा सुजला आहे, बाकी अंगावर ओरखडे. चिंधूकाका तिला डोंग्यातून आणत आहेत, हे पत्र तिच्याच हातात दिलं आहे. पाहुणे परत चालले.

रविवारी येत नाही. तुझ्यासमोर बसून घास उतरणार नाही.

मंगेश


तलावाखालचं घर
९ एप्रिल

चि. मंगेशले आशीर्वाद, या बारीनं आधीच.

अक्षर वाकडं आहे, पण ओळखलं ना? तिचंच आहे. झाडावर चढली म्हणून सुंदरबाई तिले वांदरीण म्हणते. वच्छला हासते, पण पुरी हासत नाही. कोणाच्या वावरात पाण्याची मोटर सुरू झाली की हातचं काम तसंच राहते. आधी ओ देते, मंग इकडंतिकडं पाहते. मी बी कमी नाही. ती मागच्या खोलीत गेली तरी उगाच हाक मारतो.

तू जनरेटर वापस केला, चिंधूनं सांगितलं. तंबू काढू नको. शहरातल्या लोकायले अंधार बी दाखव, तो बी निसर्गातलाच आहे. आन् जेवाले काहून आला नाही? ताट वाढून ठेवलं होतं, शेवटी कुत्र्यानं तुया वाटणीचा भात खाल्ला. त्याचा घास बरा उतरला.

उद्या सुंदरबाई मोहाले जाऊन राहिली. वच्छला म्हणते, मी बी जातो. मी दोनदा नको म्हटलं. पण अडवू तरी कुठवर? भेव घरात बसून वाढतेच. तू उजाडायच्या आधी तंबूबाहेर उभा राहा. वच्छला हाक मारल, तू ओ देजो. मोठ्यानं देजो. पाण्यावरून आवाज इथवर येते.

तुयी ओ ऐकू येईपर्यंत मी पाळीवरून हालणार नाही.

तुयी आजी मंगलाबाई