तिसरी गोळी वर का जाते

प्रिय कुशल,

तुझा मेल येऊन तीन आठवडे झाले. इतक्या उशिराबद्दल शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच.

आधी रायफलीचं. पहिली गोळी बरोबर, दुसरी बोटभर वर, तिसरी चार बोटं वर, असं तू लिहिलंस. यात तुझ्या हाताचा दोष कमी, नळीचा जास्त. तिथले डोंगर चढायचे म्हणून तू पावणेतीन किलोची रायफल घेतलीस. वजन वाचवायला नळी बारीक करतात, आणि बारीक नळी लगेच तापते. तापली की किंचित वाकते. लाकडाला कुठे टेकत असेल तर जास्तच. रायफल रिकामी आहे ना, हे दोनदा बघ. मग नळी आणि तिच्याखालचं लाकूड यांच्यामध्ये साधा कागद घालून पुढून मागे सरकव. अडकला, तर तिथलं लाकूड पॉलिश पेपरने घास. दुर्बिणीचे आणि लाकडाचे स्क्रू सारखे आवळलेत का तेही बघ. पुढचं काम बंदुका दुरुस्त करणाऱ्याला दे: नळीचा मागचा भाग लाकडात बसतो तिथे इपॉक्सीचा घट्ट होणारा गोंद भरून बैठक पक्की करायची आणि ट्रिगर थोडा हलका करायचा. इतकी हलकी रायफल जड ट्रिगर ओढताना बोटाबरोबर सरकते. पण एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळणार नाही. आणि दर तीन गोळ्यांनी नळी गार होईपर्यंत थांब. हरणासमोर पहिलीच गोळी कामाची असते, म्हणून निशाण गार नळीवर जुळव.

सांगलीला एन.सी.सी.च्या कॅम्पात आपण दोघं एका रायफलीवर होतो. तू धडाधड पाच गोळ्या उडवून मोकळा व्हायचास, आणि मी अजून स्क्रूच चाचपत असायचो. सुभेदारसाहेब ओरडायचे, "अरे, हा काय लग्नाची मुलगी बघतोय का?" स्वतः हात लावून बघितल्याशिवाय निश्या कशावर विश्वास ठेवत नाही, हे तू सगळ्या हॉस्टेलला सांगितलं होतंस. पुढे त्याच गुणावर मला नोकऱ्या मिळाल्या.

एप्रिलमध्ये ये, रायफल जुळवू आणि डोंगरात जाऊ, असं तू दोनदा कळवलंस. मी दोन्ही वेळा कामाचं कारण दिलं. कुशल, मला काम नाही. नऊ महिने झाले. माझा पासपोर्ट इथल्या तपास अधिकाऱ्यांकडे आहे. नोकरीचा परवाना, एम्प्लॉयमेंट पास, रद्द झाला, त्याबरोबर बायको-मुलीचे, नीता-अनुयाचे, इथे राहायचे पासही, म्हणून त्या दोघी पुण्याला गेल्या. मी जुरोंग वेस्टला एका चिनी आजींच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहतो. हातात स्पेशल पास नावाचा एक कागद, तो दर महिन्याला वाढवून आणायचा. नोकरी करायची नाही, देश सोडायचा नाही. दुपारी एमआरटीच्या ट्रेनने हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर जातो आणि फेरी सुटताना बघत बसतो. समोरचं बाताम, म्हणजे दुसरा देश, पाऊण तासावर. तिकीट खिडकीतली मुलगी एकदा म्हणाली, "अंकल, गोइंग ऑर नॉट?" मी हसून उठलो. बेट एवढंसं, कुठेही चालत सुटलो तरी थोड्या वेळात समुद्र आडवा येतो.

झालं ते असं. जुरोंग आयलंडवरच्या आमच्या प्लांटमध्ये वाफेचा पाइप उघडायचा होता. व्हॉल्व्ह बंद आहे, पाइप रिकामा झालाय, हे वर चढून स्वतः बघायचं आणि मगच परमिटवर सही करायची, हे माझं काम. त्या दिवशी पाच परमिटं समोर होती. मी एसी केबिनमध्ये बसून पाचही सह्या केल्या. व्हॉल्व्ह पूर्ण बंद नव्हता. सेल्वम नावाच्या फिटरने बोल्ट सोडले आणि वाफ तोंडावर आली. त्याचे दोन्ही डोळे गेले. अधिकाऱ्यांना मी सांगितलं, मी वर गेलो होतो, व्हॉल्व्ह बंद होता. म्हणजे नंतर तो कुणीतरी उघडला, आणि तिथे एकटा सेल्वमच होता.

मी त्याला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो. आवाजावरून त्याने ओळखलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "सर, तुम्ही वर आला होतात ना? सगळे म्हणतात, आला होतात. मलाच आठवत नसेल." मी "हो" म्हणालो. त्याने मान हलवली, आणि त्याला त्रास दिला म्हणून माझीच माफी मागितली.

तुझा मेल त्यानंतर आला. त्या हरिणीला पोटात गोळी लागली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तू तिच्या मागावर होतास, हे सगळं लिहून तू म्हटलंस, "रायफलीला दोष देतोय खरा, पण नळी तापलीय हे मला माहीत होतं, तरी तिसरी झाडली." तुला कुणी विचारलं नव्हतं. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की तुझा आवाज ऐकू येतो.

सोमवारी अधिकाऱ्यांचा फोन आला. तपास संपतोय, गुरुवारी पासपोर्ट घेऊन जा. नीताने तिकीट काढलं, अनुया विमानतळावर येणार म्हणून हटून बसलीय. आज बुधवार. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, आणि चार वाजता मी त्यांच्याकडे जाऊन सांगणार आहे, की मी वर गेलो नव्हतो. मग पासपोर्ट मिळणार नाही, कदाचित तुरुंगही होईल. याआधी दोनदा त्या दारापर्यंत जाऊन परत फिरलोय. म्हणून हे पत्र लिहिलं. मेल केला असता तर तू लगेच फोन केला असतास, आणि तुझ्याशी बोलता बोलता मी वेळ काढली असती. हे आधी पोस्टाच्या पेटीत टाकणार आणि मग ट्रेनमध्ये बसणार. एकदा पेटीत पडलं की ते मला परत काढता येणार नाही, आणि निदान एका माणसाला तरी खरं कळणार आहे. तुला मिळेल तेव्हा नीताला फोन कर. ती तुझ्यावर ओरडेल. ओरडू दे, पण फोन ठेवू नकोस.

तुझाच,
निशिकांत