विचारांच्या इतिहासाचा पेपर

७ जुलै, सोमवार
भौतिकशास्त्राचे विद्यार्थी तीनशे वर्षांपूर्वीचे ग्रंथ वाचत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते वाचावेच लागतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मात्र पहिल्या प्रकरणात दोन-तीन जुन्या विचारवंतांची चित्रे येतात आणि पुढे चारशे पाने त्यांचा पत्ता नसतो. का?

उत्तर सोपे आहे. अर्थशास्त्राला गणिती विज्ञान व्हायचे होते, आणि विज्ञानाला स्वतःची जुनी मते अडगळ वाटतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी विद्यापीठांनी आर्थिक विचारांचा हा इतिहास सक्तीच्या विषयांतून हळूहळू काढला. मग तो शिकवणाऱ्यांनी स्वतःच्या संस्था, स्वतःची नियतकालिके उभी केली. घराबाहेर काढले तेव्हा हा विषय स्वतंत्र झाला! किती सुंदर गोष्ट — आणि आज स्टाफरूममध्ये मी ती सांगत असताना आमचे विभागप्रमुख प्रभाकर सर मोबाइलवर रावेतच्या फ्लॅटचे दर पाहत होते.

९ जुलै
शुक्रवारी बैठक. माझा पेपर काढून ‘डेटा अ‍ॅनालिटिक्स’ आणायचा बेत आहे. सर म्हणाले, “नीलिमाताई, मेलेल्यांची मतं शिकून तळवड्याच्या आयटी पार्कात कोण नोकरी देतं?” सगळे हसले. गाइड पाठ करून पदव्या मिळवलेली माणसे! मूळ ग्रंथाला यांचा हातही लागला नसेल.

११ जुलै
जिंकले. एवढेच सांगितले — मूळ ग्रंथ वाचायला लावणारा आपल्याकडे हा एकच पेपर आहे. तुमच्यापैकी कोणी एक तरी पूर्ण वाचला आहे? सरांनी पुढचा विषय घेतला. पेपर राहिला.

१२ जुलै
श्रमविभागणीचा तास. एकोणीस वर्षे मूळ ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणातून शिकवते आहे : काम तुकड्यांत वाटले की उत्पादन वाढते. समाधान — चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करून येतो, मागच्या बाकावर डुलक्या घेतो — उभा राहिला.

“मॅडम, त्याच पुस्तकात पुढं लिहिलंय, जन्मभर एकच काम करणाऱ्याचं डोकं चालेनासं होतं. ते तुमच्या नोट्समधी न्हाई.”

कुठल्या गाइडात वाचलेस, मी विचारले. वर्ग हसला. तो म्हणाला, मूळ पुस्तकच वाचले, कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर. लायनीवर दिवसभर चारच बोल्ट बसवतो, म्हणून लक्षात राहिले.

मी त्याला खाली बसवले.

१३ जुलै, रविवार
समाधानचे बरोबर आहे. ग्रंथाच्या पाचव्या भागात आहे.

एक चाचणी, कोणालाही करता येईल : आपला लाडका ग्रंथ मिटावा आणि पानांची कड उजेडात धरावी. जेवढे वाचले, तेवढी ती मळलेली असते.

माझ्या प्रतीची बोटभर कड करडी आहे. पुढे सगळे पांढरे.